शौचावरचा ताबा: मूलपेशींची सुई कसोटीवर

शौचावरचा ताबा जाणे, म्हणजे घाई लागल्यावर मल रोखून धरता न येणे किंवा कपड्यात झाल्यावरच ते कळणे, हा आजार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ सर्रास आहे. अमेरिकेत २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत घरी राहणाऱ्या प्रौढांपैकी ८.३ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात असा अनुभव आलेला होता. वारा सरणे त्यात धरलेलेच नव्हते. विशीतल्या लोकांत हे प्रमाण २.६ टक्के होते, सत्तरी गाठलेल्यांत १५.३. हे बायकांचे दुखणे अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण या पाहणीत स्त्रियांचे प्रमाण ८.९ आणि पुरुषांचे ७.७ टक्के निघाले. आकडे ऐकून नवल वाटते, कारण रुग्ण बोलत नाहीत आणि डॉक्टरही आपणहून विचारत नाहीत. ‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार चारचौघांत बिनदिक्कत सांगितली जाते. तिच्या उलट तक्रार घरच्या माणसांपासूनही लपवली जाते. मग लग्नकार्य, लांबचा प्रवास, देवळातली रांग असे एकेक बंद होत जाते आणि बाकीच्यांना वाटते, माणूस एकलकोंडा झाला.

गेली पंधरा-वीस वर्षे या आजारावर मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, उपचार करून पाहिला जात आहे. कल्पना सोपी आहे. रुग्णाच्याच शरीरातून स्नायू घडवणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुबळ्या झालेल्या गुदद्वाराच्या स्नायूत टोचायच्या. यातला टोचण्याचा भाग डॉक्टरांना लवकर जमला. टोचल्यामुळेच गुण आला हे दाखवून देणे मात्र फार जड गेले, आणि या संशोधनाची बरीचशी कहाणी त्या अडचणीची आहे.

मल रोखण्याचे काम एकटा स्नायू करत नाही. गुदमार्गाभोवती एकात एक अशी दोन कडी असतात. आतले कडे गुळगुळीत स्नायूंचे. त्यावर माणसाची इच्छा चालत नाही. ते झोपेतही आवळलेले राहते आणि एरवी गुदमार्गात जो दाब असतो त्याचा ७० ते ८५ टक्के भाग तेच पुरवते. बाहेरचे कडे हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे. घाई लागली की माणूस ते मुद्दाम आवळतो, पण ते लवकर थकते, म्हणून त्याच्या भरवशावर फार वेळ काढता येत नाही. या दोन्हींच्या वर प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू पुढच्या हाडापासून निघून मलाशयाला मागून वळसा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. त्यामुळे मलाशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये कोन पडतो आणि मल सरळ खाली घसरत नाही. बाहेरच्या कड्याला हुकूम पोचवणारी प्युडेंडल नस कण्याच्या तळाकडून, त्रिकास्थीतल्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जामुळांतून येते.

या यंत्रणेतली सर्वांत नाजूक गोष्ट ओळखण्याची आहे. मलाशयात काही उतरले की आतले कडे क्षणभर सैल पडते आणि जे काही आले असेल ते गुदमार्गाच्या वरच्या अस्तराला टेकते. वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हे तिथल्या मज्जातंतूंना कळते. तेवढ्या वेळात बाहेरचे कडे दार धरून असते. दिवसातून अनेकदा हा प्रकार माणसाच्या नकळत घडतो. तेव्हा ताबा टिकायचा तर स्नायू, नसा, अस्तराची जाणीव, मलाशयाची ताणली जाण्याची क्षमता आणि मलाचा घट्टपणा या सगळ्यांचे बरे चाललेले असावे लागते. पेशींची सुई यातल्या एकाच गोष्टीवर, स्नायूवर, लागू पडू शकते.

स्नायूला इजा होण्याचे सर्वांत मोठे कारण बाळंतपण. पूर्वी समज असा होता की कळा देताना नस ताणली जाते आणि पुढे तिच्यामुळे स्नायू दुबळा होतो. गुदमार्गात बोटभर जाडीचा सोनोग्राफीचा प्रोब घालून कडी प्रत्यक्ष पाहता येऊ लागली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. पहिलटकरीण असलेल्या आणि नैसर्गिक मार्गाने बाळंत झालेल्या ७९ स्त्रियांपैकी ३५ टक्के जणींच्या कड्यात खंड पडलेला होता. त्रास मात्र १३ टक्के जणींनाच होत होता. चिमटा लावून ज्या १० जणींची सुटका केली त्यातल्या ८ जणींचे कडे दुखावलेले होते. म्हणजे इजा होते, टाके वरून व्यवस्थित बसतात, आणि आत काय झाले याची ना बाईला कल्पना ना सुईणीला. तरुणपणी उरलेला स्नायू काम भागवून नेतो. पाळी गेल्यावर, वय वाढल्यावर स्नायूचे बळ ओसरते आणि पंचविशीतली जखम पंचावन्नाव्या वर्षी बोलू लागते.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार तिथे गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी उघड फाट २.९ टक्के बाळंतपणांत आढळते; पहिलटकरणींत ६.१ टक्के. आशियाई वंश हा तिथे धोका वाढवणारा एक घटक म्हणून नोंदवलेला आहे, तेव्हा परदेशात बाळंत होणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या बाबतीत डॉक्टरांनी त्याची दखल घेणे अपेक्षित असते. बाळंतपणाखेरीज भगंदर, फिशर आणि मूळव्याधीच्या शस्त्रक्रिया, मधुमेह, अर्धांगवायू, मणक्याची दुखापत, ओटीपोटावर घेतलेले किरणोपचार, आंग बाहेर येणे, जुनाट जुलाब अशी कारणांची यादी लांब आहे.

उपचारांची सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. इसबगोलसारखा मल बांधून आणणारा तंतुमय पदार्थ, जुलाब रोखणारी लोपेरामाइडची गोळी, कडी आवळण्याचे व्यायाम, पडद्यावर स्वतःचा दाब पाहत केलेले बायोफीडबॅक. बऱ्याच रुग्णांचे एवढ्यावर भागते, आणि ते न करता थेट मूलपेशींची चौकशी करणे हे उलटे काम आहे. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी फाटलेले कडे पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया आहे. सुरुवातीला तिचा गुण चांगला येतो, पण टिकत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाने २००० साली लॅन्सेटमध्ये आपल्या रुग्णांचा पाच वर्षांहून अधिक काळानंतरचा हिशेब मांडला, तेव्हा मल आणि वारा या दोन्हींवर पूर्ण ताबा असलेला एकही रुग्ण त्यात उरलेला नव्हता. त्रिकास्थीतल्या नसेला पेसमेकरसारख्या यंत्राने सतत हलका विद्युत झटका देण्याचा उपाय १९९० च्या दशकात जर्मनीतून पुढे आला. २०११ साली त्याला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. तो अनेकांना लागू पडतो, पण महाग आहे, आणि शरीरात यंत्र आले की बॅटरी आणि तारांच्या कटकटीही येतात. शेवटचा उपाय म्हणजे पोटावर शौचाची वाट काढून पिशवी लावणे. शिवलेले कडे पुन्हा सैल पडते, कारण गेलेला स्नायू परत येत नाही. मूलपेशींची कल्पना नेमकी या जागी सुचली.

अंगावरच्या स्नायूला छोटी इजा झाली तर तो स्वतःला दुरुस्त करून घेतो. ते काम करणाऱ्या पेशी १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर माउरो यांना बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. स्नायूच्या धाग्याला चिकटून, त्याच्या वेष्टनाच्या आत त्या निपचित पडून असतात, म्हणून त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. धागा तुटला की त्या जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते, त्यांपासून मायोब्लास्ट या पेशी तयार होतात आणि त्या एकमेकींत मिसळून नवा धागा घडवतात. मायोब्लास्ट फक्त स्नायूच बनवू शकते. काटेकोर भाषेत बोलायचे तर ती मूलपेशीची एक पायरी पुढे गेलेली मुलगी आहे. बातम्यांत आणि जाहिरातींत मात्र सगळ्यालाच ‘स्टेम सेल’ म्हटले जाते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून मिळवतात. त्यांना मेसेंकायमल पेशी म्हणतात. त्या स्वतः स्नायू होण्यापेक्षा आपल्या स्रावांनी सूज आटोक्यात आणतात आणि आजूबाजूच्या ऊतींना दुरुस्तीला लावतात, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

मायोब्लास्टचा उपचार दोन भेटींत होतो. पहिल्या भेटीत जागा बधिर करून छाती, दंड किंवा मांडीच्या स्नायूतून छोटासा तुकडा काढतात. तो निर्जंतुक डबीतून प्रयोगशाळेत जातो. तिथे विकरांनी तो विरघळवून पेशी सुट्या करतात, हव्या त्या पेशी निवडतात आणि पोषकद्रव घातलेल्या बशांमध्ये शरीराच्या तापमानाला वाढवतात. बशीचा तळ भरत आला की पेशी उचलून मोठ्या भांड्यात घालायच्या. काही आठवड्यांनी मूठभर पेशींच्या कोट्यवधी होतात. त्यात जंतू नाहीत ना, जिवंत किती आहेत, स्नायूच्या पेशी किती आणि जोडऊतीच्या किती, हे तपासल्यावरच तो माल रुग्णालयात परत येतो. दुसऱ्या भेटीत सोनोग्राफीच्या पडद्यावर कड्यातली पोकळ जागा पाहत पाहत बारीक सुईने अनेक ठिकाणी थोडे थोडे द्रव सोडतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. वेळ आणि पैसा जातो तो मधल्या आठवड्यांत: प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे बनवावे लागते, आणि एका बशीत बुरशी शिरली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माणसाआधी हे उंदीर आणि सशांवर झाले. प्राण्याचे कडे मुद्दाम कापायचे, पेशी टोचायच्या आणि काही आठवड्यांनी दाब मोजायचा. बहुतेक प्रयोगांत दाब वाढला आणि कापाच्या जागी नवे धागे दिसले. पण प्रयोगातला उंदीर तरुण असतो आणि त्याची जखम ताजी असते. रुग्णाच्या कड्यात तीस वर्षांचा कठीण व्रण असतो आणि त्याला पोचणारी नसही अनेकदा अर्धवट निकामी झालेली असते. टोचलेल्या पेशींपैकी पुष्कळशा पहिल्या काही दिवसांतच मरतात, हे स्नायूंच्या इतर आजारांतल्या प्रयोगांतून आधीच माहीत होते.

माणसांवरचा पहिला महत्त्वाचा अहवाल ऑस्ट्रियातून आला. आंद्रेया फ्रुडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणात कडे फाटलेल्या आणि इतर उपायांनी बऱ्या न झालेल्या १० स्त्रियांना त्यांच्याच छातीच्या स्नायूतून वाढवलेल्या पेशी टोचल्या. २०१० साली ‘गट’ (Gut) या नियतकालिकात छापलेला निकाल डोळ्यांत भरण्यासारखा होता. आजाराची तीव्रता ० ते २० गुणांत मोजली जाते. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. वर्षभरात या स्त्रियांचे गुण सरासरी १३.७ ने खाली आले. जीवनमान सुधारले आणि गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. त्याच अहवालात एक आकडा मात्र पटकन नजरेआड होतो. कडे आवळल्यावर निर्माण होणारा दाब पहिल्या आणि सहाव्या महिन्यात वाढलेला दिसला, पण वर्षअखेर तो पूर्वीइतकाच होता. स्नायू नवा झाला असेल तर दाब का वाढू नये? आणि दाब वाढला नसेल तर गुण कशाने आला?

हे प्रश्न विचारण्याला आणखी एक कारण होते. ऑस्ट्रियातल्याच इन्सब्रुकमधून लघवीवरचा ताबा सुटलेल्या स्त्रियांवर असाच मायोब्लास्टचा उपचार केल्याचा अहवाल २००७ साली लॅन्सेटने छापला होता आणि त्याचा भरपूर गाजावाजा झाला होता. पुढे सरकारी तपासणीत रुग्णांची संमती, नीतिसमितीची मान्यता आणि चाचणीची कागदपत्रे यांत गंभीर गैरप्रकार आढळले. २००८ साली लॅन्सेटने तो अहवाल मागे घेतला. त्या प्रकरणानंतर या क्षेत्रातल्या प्रत्येक चमकदार निकालाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि ते बरेच झाले.

मुळातली अडचण मोजमापाची आहे. रक्तदाब किंवा साखर यंत्राने मोजता येते. इथे मोजायचा असतो रुग्णाने सांगितलेला त्रास. सर्वांत रुळलेली पद्धत फ्लोरिडातल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये जॉर्ज आणि वेक्सनर यांनी १९९३ साली मांडली. तीत पाच प्रश्न असतात: घट्ट मल, पातळ मल, वारा, पॅड वापरणे आणि दिनक्रम बदलावा लागणे. कधीच नाही याला ०, महिन्यातून एकदाही नाही पण क्वचित याला १, आठवड्यातून एकदाही नाही पण अधूनमधून याला २, रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी याला ३, रोज याला ४. समजा, एका बाईचा वारा रोज नकळत सरतो (४), पातळ मल आठवड्यातून दोनदा गळतो (३), घट्ट मल महिन्यातून दोनदा (२), पॅड रोज लागते (४) आणि आठवड्यातून एकदा तरी कुठे जाणे टळते (३). एकूण झाले १६. आता सुई घेतल्यामुळे तिला धीर आला. तिने पॅड बंद केले आणि ती भाजीला, देवळात जाऊ लागली. घरी थांबण्याची वेळ क्वचितच येते. पॅडचे ४ गेले, दिनक्रमाचे ३ वरून १ वर आले. गुण १० झाले, आणि गळती तसूभरही कमी झालेली नाही.

यात बाई खोटे बोलत नाही. तिचे जगणे खरोखर सुधारले आहे. पण ते पेशींमुळे सुधारले असे म्हणता येत नाही. शिवाय चाचणीत आलेला रुग्ण रोजची नोंदवही लिहितो, खाण्यापिण्याकडे लक्ष देतो, व्यायाम नेमाने करतो, आणि आपले ऐकून घेणारे माणूस त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटलेले असते. लोक चाचणीत येतात तेही त्रास शिगेला पोचल्यावर. काही न करताही तो थोडा उतरतोच. सुईने होणारी सूज आणि व्रण यांनीदेखील गुदमार्ग किंचित अरुंद होऊ शकतो.

पेशी नसलेल्या उपचारांच्या चाचण्यांनी हा परिणाम किती मोठा असतो ते दाखवून दिले आहे. गुदमार्गाच्या अस्तराखाली जेल टोचून जागा भरून काढण्याच्या उपायाची २०६ रुग्णांवर चाचणी झाली. तिचा निकाल २०११ साली लॅन्सेटमध्ये आला. गळतीचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले असे जेल घेतलेले रुग्ण ५२ टक्के होते. आणि नुसतीच सुई टोचलेले? ३१ टक्के. घोट्याजवळच्या नसेला विद्युत झटके देण्याच्या ब्रिटनमधल्या चाचणीत (२०१५) खरा उपचार घेतलेल्या ३८ टक्के लोकांना तेवढाच गुण आला, तर खोटा उपचार घेतलेल्यांपैकीही ३१ टक्के लोकांना आला; हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका किरकोळ होता. दहांपैकी तिघांना काहीच न देता बरे वाटत असेल, तर १० रुग्णांच्या अहवालावरून निष्कर्ष काढणे अशक्य आहे.

म्हणून तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि पेशींच्या उपचारात तो उभा करणे त्रासाचे असते. कोणाला कोणती सुई हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे. दोन्ही गटांतल्या लोकांच्या स्नायूचा तुकडा काढायचा, नाहीतर ज्याचा तुकडाच काढला नाही त्याला सगळे कळेल. पेशींचे द्रव गढूळ दिसते आणि नुसते द्रव नितळ, तेव्हा सुई टोचणाऱ्यालाही ओळखू येणार नाही अशी झाकपाक करायची. ज्याला पेशी मिळणार नाहीत त्याच्या अंगावरही सुरी चालवायची, हा नैतिक प्रश्न आहेच.

फ्रान्समधल्या रूआँ येथील संशोधकांनी अशी चाचणी केली आणि २०१८ साली ॲनल्स ऑफ सर्जरीमध्ये तिचा निकाल मांडला. रुग्ण २४, बाराजणांना स्वतःच्या मायोब्लास्ट, बाराजणांना पेशीविना द्रव. सुरुवातीला दोन्ही गटांचा मध्यक १५ गुण. निकाल सहाव्या महिन्यात लावायचा असे आधीच ठरलेले होते. सहाव्या महिन्यात पेशींचा गट ९ वर आला होता आणि पेशीविना गट १० वर. दोन्ही गट सुधारले, फरक नाही. ठरलेल्या नियमाप्रमाणे चाचणी इथेच नापास झाली.

तरीही रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. बाराव्या महिन्यात पेशींचा गट आणखी खाली, ६.५ वर गेला. पेशीविना गट मात्र परत वर चढून १४ वर आला, जवळजवळ जिथून निघाला तिथे. पुरेसा गुण आलेले लोक एका गटात ५८ टक्के आणि दुसऱ्यात ८ टक्के, म्हणजे बारांपैकी एक. पुढे पेशीविना गटातल्या लोकांना त्यांच्या गोठवून ठेवलेल्या पेशी देण्यात आल्या, तेव्हा त्यांच्यातही ६० टक्के लोकांना गुण आला. नवा स्नायू घडायला आणि त्याला नसेची जोड मिळायला महिने लागतात, तर सुईने आलेला धीर काही महिन्यांत ओसरतो; या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर हे आकडे जुळतात. पण चोवीस माणसे म्हणजे फार थोडी. शिवाय आधी ठरवलेल्या मुदतीत फरक दिसला नाही आणि नंतरच्या मुदतीत दिसला, हे यश म्हणून मिरवता येत नाही. पुढच्या चाचणीत बाराव्या महिन्यात मोजावे, एवढे सांगणारा तो भक्कम इशारा आहे. या विषयावर आजवर झालेल्या छोट्या कामांत सर्वांत उपयोगाचे काम हेच म्हणावे लागेल.

चरबीतल्या पेशींवर इराणमध्ये काम झाले. कडे शिवण्याच्या शस्त्रक्रियेतच त्या पेशी टोचून १८ रुग्णांची तुलना करण्यात आली. निकाल २०१७ साली आला. दोन महिन्यांनंतर सोनोग्राफीत पेशी मिळालेल्यांच्या कड्यात स्नायूचा भाग अधिक दिसला, त्रासाचे गुण मात्र दोन्ही गटांत सारखेच. ऑस्ट्रियातल्या स्त्रियांत त्रास कमी झाला आणि दाब तेवढाच राहिला होता. इथे नेमके उलटे. स्नायूचे चित्र आणि रुग्णाचा अनुभव एकाच वाटेने चालतात असे नाही.

त्यानंतरच्या चाचण्या मोठ्या आहेत. इन्सब्रुकमध्ये सुरू झालेल्या इनोव्हासेल या कंपनीने आपल्या स्नायूपेशींची तिसऱ्या टप्प्याची चाचणी युरोप आणि जपानमध्ये हाती घेतली. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कुक मायोसाइट कंपनीने इल्टामायोसेल नावाच्या पेशी बाळंतपणात कडे फाटलेल्या स्त्रियांवर तपासायला घेतल्या. याच कंपनीच्या हाताशी एक कटू अनुभव होता. लघवीवरचा ताबा सुटलेल्या स्त्रियांवरच्या आधीच्या चाचणीत पेशीविना सुई घेतलेल्या इतक्या जणींना बरे वाटले की ठरलेल्या २४६ पैकी १५० रुग्ण घेऊन झाल्यावर नवी भरती थांबवावी लागली.

मोठी चाचणी जिंकली म्हणजेही काम झाले असे नाही. क्रोन्स या आतड्याच्या आजारातल्या भगंदरावर दात्यांच्या चरबीतून वाढवलेल्या १२ कोटी पेशी टोचण्याचे डार्वाडस्ट्रोसेल हे औषध २१२ रुग्णांवरच्या चाचणीत उतरले: २४ आठवड्यांनी पेशी घेतलेले ५० टक्के बरे, पेशीविना ३४ टक्के. २०१८ साली युरोपने त्याला परवानगी दिली. दुसऱ्या, अधिक मोठ्या चाचणीत मात्र दोन गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला, आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीने ते युरोपच्या बाजारातून काढून घेतले.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात खलील बिटार यांच्या गटाने निराळी वाट धरली. सुट्या पेशी टोचण्याऐवजी त्यांनी गुळगुळीत स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या पेशी एकत्र वाढवून प्रयोगशाळेतच आतले कडे तयार केले. ते सशांत आणि माकडांत बसवल्यावर त्याला रक्तपुरवठा मिळाला आणि दाबही सुधारला. बहुतेक सुयांचा रोख बाहेरच्या कड्यावर असतो. सततचा दाब ज्या कड्यामुळे राहतो ते दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न म्हणून वेगळा उठून दिसतो.

धोक्यांच्या बाजूला सध्या तरी मोठे काही आढळलेले नाही. सुईच्या जागी दुखणे, थोडा रक्तस्राव, स्नायूचा तुकडा काढला तिथे रक्त साकळणे, क्वचित संसर्ग, एवढेच बहुतेक अहवालांत येते. स्वतःच्याच पेशी असल्याने शरीर त्या नाकारत नाही. पण पेशी गोळीसारख्या नसतात. एकदा आत गेल्या की परत काढता येत नाहीत, आणि दहा-पंधरा वर्षांनंतरचे चित्र सांगण्याइतके रुग्ण अजून जमा झालेले नाहीत.

हे सगळे भारतीय रुग्णाच्या दृष्टीने कामाचे आहे, कारण ‘स्टेम सेलने खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती इथेही दिसतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत मोघम नाहीत. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारांत होणारे रक्तपेशींच्या मूलपेशींचे रोपण तेवढे मान्यताप्राप्त उपचार म्हणून धरलेले आहे. मंजूर चाचणीबाहेर मूलपेशींचा इतर वापर करणे हा वैद्यकीय गैरव्यवहार ठरतो. २०१९ च्या औषध आणि चाचणी नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन नवे औषध समजले जाते, म्हणजे त्याला केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागते. देशातली प्रत्येक औषध-चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या सरकारी नोंदवहीत रुग्ण घेण्याआधी नोंदवणे १५ जून २००९ पासून सक्तीचे आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते: चाचणी कुठे चालू आहे, नीतिसमितीची मान्यता आहे का, तुलनेसाठी दुसरा गट आहे का आणि निकाल कितव्या महिन्यात मोजणार, हे त्यात लिहिलेले असते.